पोहणे, अर्धे क्रेडिट

मे महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी एमिल ह्लावटीला कळलं की आपण अकरावी पास नाही. उपमुख्याध्यापक क्रॅंडलने त्याला ही बातमी शाळेच्या व्यायामाच्या हॉलच्या दारात, चारशे मुलांच्या रांगेसमोर, हातातल्या कपातली कॉफी न सांडता दिली. "अरे एमिल, जुनी कार्डं फिल्मवर उतरवतायत ना, ती मंडळी म्हणतात, सेहेचाळीस सालच्या पेटीत एक कार्ड उघडंच राहिलंय. बंद केल्याशिवाय फिल्म घेता येत नाही म्हणे. बघ बरं कुणाचं आहे." एमिलने कार्ड घेतलं. वर टाइप केलेलं आपलं नाव, खाली बापाचं, बापाच्या नावापुढे 'पोलाद कारखाना, नळ्यांचं खातं', आणि त्याखाली विषयांची रांग. प्रत्येक विषयासमोर गुण, गुणांसमोर क्रेडिट, आणि तळाशी, इतकी वर्षं उलटूनही न विटलेल्या हिरव्या शाईत एक ओळ: पोहणे, अर्धे क्रेडिट, अपूर्ण. सशर्त बढती. मग दोन अक्षरं, वि. टॅ. "म्हणजे तू तेहतीस वर्षं अकरावीत आहेस," क्रॅंडल म्हणाला. "शाळेचा विक्रम असणार. तुला ढाल द्यायला हवी." रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका लंब्या पोराने ते ऐकलं आणि ओरडला, "मिस्टर ह्लावटी, मग तुम्ही आमच्या मागे उभे राहा ना!" रांग हसली. एमिलही हसला, कारण अशा वेळी हसायचं असतं, हे त्याला शाळेच्या कचेरीतल्या बावीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. कार्ड त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. ते तिथे दिवसभर, मापाने शिवलेलं नसल्यासारखं, बरगड्यांना टोचत राहिलं.

दाराशी उभं राहणं हे त्याचं काम होतं. पुढल्या वर्षीचे विषय निवडायचा हा दिवस. हॉलमध्ये भिंतीकडेने टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलामागे एकेका विषयाचा शिक्षक, समोर कार्डांचे गठ्ठे. एका वर्गात जितक्या खुर्च्या तितकीच कार्डं. गठ्ठा संपला की वर्ग भरला. मुलं या टेबलावरून त्या टेबलाकडे धावत, आणि ज्याचे पाय चपळ त्याला रसायनशास्त्र मिळे. पण आधी आत कोणी शिरायचं ते दारात ठरायचं. बारा क्रेडिट झालेल्याला निळा पास, तो बारावीचा, तो आधी आत. साडेअकरा झालेल्याला पिवळा पास, तो पुन्हा अकरावीचा, त्याने दुपारी तीननंतर यायचं आणि उरलंसुरलं घ्यायचं. आणि सप्टेंबरात हजेरीला बसायचं ते काल-परवापर्यंत ज्यांना आपण बारकी म्हणत होतो त्यांच्या खोलीत. एमिलच्या हातात यादी असे. लोक त्याला कठोर समजत, पण तो कठोर नव्हता. त्याला बेरीज आवडत होती. लोरेनसारख्या कारखान्याच्या अमेरिकन गावात आडनावावरून कळायचं की कोणाचा बाप कारखान्याच्या कुठल्या फाटकातून आत जातो, कोण कुठल्या चर्चच्या तळघरात जेवतो, कोणाची आई कुठल्या दुकानात मागच्या दाराने जाते. क्रेडिटला आडनाव नव्हतं. स्लोव्हाक असो, हंगेरियन असो, पोर्तो रिकोहून आलेला असो की डॉक्टरचा मुलगा असो, बारा म्हणजे बारा. ही गोष्ट किती मोठी आहे हे त्याला सोळाव्या वर्षी कळलं होतं, आणि ती कळवणारी बाई शाळेच्या कचेरीच्या खिडकीमागे हिरव्या शाईची दौत घेऊन बसायची.

मिस विनिफ्रेड टॅगर्ट. शाळेची निबंधक. ती कधी मोठ्याने बोलल्याचं कोणाला आठवत नाही. एकदा बँकेचा मॅनेजर मुलाला पुढच्या वर्गात घालण्यासाठी खिडकीशी उभा राहून अर्धा तास बोलला होता. मिस टॅगर्टने सगळं ऐकून घेतलं, मुलाचं कार्ड काढलं, आकडे मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाली, "बेरीज मी केलेली नाही, त्याने केलीय." एमिल तेव्हा मागे उभा होता, हातात गैरहजेरीची चिठ्ठी घेऊन. त्या क्षणी त्याला जे वाटलं त्याला त्याच्याकडे आजही शब्द नव्हता. घरी जाऊन त्याने बापाला सांगायचा प्रयत्न केला. बाप रात्रपाळीसाठी बूट चढवत होता. तो म्हणाला, "बरं झालं," आणि गेला.

आता दारात उभं राहून निळे आणि पिवळे पास देताना एमिलला पोहण्याच्या तलावाच्या पाण्याचा वास येऊ लागला. शाळेला तलाव कधीच नव्हता. सव्वीस साली बांधायचं ठरलं, तळघर खणलं, पैसे संपले, आणि खड्ड्यावर फळ्या टाकून टाइपिंगचा वर्ग सुरू झाला. पण बोर्डाने उत्साहाच्या भरात त्याच वर्षी ठराव केला होता की बारावीत बसायचं तर पोहता आलं पाहिजे, अर्धं क्रेडिट. तलाव रद्द करायचा ठराव कोणाला सुचला. नियम रद्द करायचा सुचला नाही. म्हणून वर्षानुवर्षं अकरावीची मुलं शनिवारी सकाळी पूल ओलांडून वायएमसीएच्या तलावात जात. एमिलच्या आईने त्याला पोहायची चड्डी शिवून दिली होती, पिठाच्या पोत्याची. आणि कोणाला कळू नये म्हणून निळा रंग आणून मोठ्या पातेल्यात उकळून रंगवली होती. चांगली शिवली होती. दोन पदरी शिलाई, कमरेला ओवलेली नाडी. पहिल्या शनिवारी तो कमरेइतक्या पाण्यात उतरला, आणि त्याच्याभोवतीचं पाणी निळं व्हायला लागलं. आधी त्याला वाटलं, उजेड असेल. मग मुलं त्याच्यापासून लांब सरकू लागली, आणि काठावरचा प्रशिक्षक शिट्टी तोंडात तशीच ठेवून बघत राहिला. तो बाहेर आला तेव्हा पाठीमागच्या कापडावर गिरणीची अक्षरं स्वच्छ उमटलेली होती: उत्तम प्रतीचा मैदा, निव्वळ वजन एकोणपन्नास पौंड. हसण्याचा आवाज छतापर्यंत जाऊन परत आला. फरश्या होत्या ना सगळीकडे. पुढे वर्षभर त्याला शाळेत कोणी एमिल म्हणालं नाही. एकोणपन्नास म्हणायचे. आईला त्याने सांगितलं की चड्डी छान झाली. आणि तो तलावाकडे पुन्हा कधीच गेला नाही. शनिवारी पुलावर उभा राहून खाली नदीतल्या खनिजाच्या बोटी मोजायचा. जूनमध्ये त्याची बेरीज साडेअकरा झाली. बाप म्हणाला, "एकाच वर्गात दोनदा बसायचं? मग कारखाना काय वाईट आहे? तिथेही रोज तेच करतात." सोमवारी त्याला नळ्यांच्या खात्यात घालायचं ठरलं. शुक्रवारी मिस टॅगर्टने त्याला खिडकीशी बोलावलं. ती काय बोलली हे तो इतकी वर्षं आठवत आला होता, आणि दर वेळी त्याने ते चुकीचंच ऐकलं होतं, हे त्याला आज कळत होतं. ती म्हणाली होती, "ह्लावटी, सप्टेंबरात तू बारावीच्या खोलीत बसायचं. उरलेलं तू करशील." त्याला वाटलं होतं, सुटलो. आणि ती असं का वागली, तर दया आली असेल. मिस टॅगर्टने आयुष्यात एकदाच नियम मोडला आणि तो माझ्यासाठी, ही गोष्ट त्याने बायकोला लग्नाआधी सांगितली होती. तिला ती आवडली होती.

"माझं नाव नाही त्यात?"

समोर एक मुलगी उभी होती. मिगदालिया फेलिसियानो, अकरावी, जीवशास्त्रात वर्गात पहिली. हातात कागदी पिशवी. एमिलने यादी पुन्हा पाहिली, जरी पहिल्यांदाच नीट पाहिली होती. "साडेअकरा," तो म्हणाला. "पी.टी.मध्ये नापास आहेस. अर्धं राहिलंय."

"मी नापास नाहीये. मी रोज गेले तासाला. एक दिवस चुकवला नाही."

"कपडे बदलले नाहीस म्हणून लिहिलंय. गणवेश न घातल्यास त्या दिवसाचं शून्य."

"पळायचं तर जीन्समध्ये पण पळता येतं ना, मिस्टर ह्लावटी? मी तर सगळ्यांच्या पुढे पळत होते. बाईंना विचारा."

"बाईंचा तसा दंडक आहे."

"मग मला पिवळा द्याल."

"हो."

"पिवळ्यावाल्यांना इस्पितळात नाही घेत." दुपारी शाळेतून सुटून इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम शिकायचं, चार जागा, फक्त बारावीसाठी, नाव नोंदवायचा कागद आत टेबलावर होता आणि तीन वाजता उचलला जाणार होता. "तिथल्या बाईंनी मला सांगितलंय, तूच ये म्हणून. त्या नळ्या, त्या स्लाइडी, सगळं दाखवलं मला. आता मी त्यांना काय सांगू, मी पळाले पण जीन्समध्ये पळाले?" ती रडत नव्हती. रडली असती तर त्याच्याकडे त्यासाठी टेबलाच्या खणात लिमलेटच्या गोळ्या होत्या. "मग मी सप्टेंबरात येतच नाही. ताईसारखी लॉन्ड्रीत जाते."

तिने पिशवी खाली ठेवली तेव्हा तिच्यातून पी.टी.च्या गणवेशाची बाही बाहेर आली, आणि छातीवर पिवळ्या दोऱ्याने भरलेलं नाव. आयरिस. शाळेचा गणवेश महाग, म्हणून मोठीचा धाकटीला. आणि नाव उसवलं तर कापड फाटतं. एमिलने नाव वाचलं आणि त्याच्या हातातली यादी जड झाली. आयरिस फेलिसियानो. तीन वर्षांपूर्वी, हेच दार, हाच मे. अर्धं क्रेडिट कमी. त्याने तिला गोळी दिली होती आणि म्हणाला होता, नियम आहे. ती म्हणाली होती, थँक यू. लॉन्ड्रीच्या खिडकीतून ती त्याला कधी कधी दिसायची, वाफेच्या मागे, आणि हात हलवायची. त्याने मिगदालियाला गणवेशाबद्दल काही विचारलं नाही. छातीवर 'आयरिस' लिहून ज्या मैदानात पळायचं तिथे सगळ्यांना आयरिस कोण ते माहीत आहे, हे त्याला विचारून कळायची गरज नव्हती. "तीन वाजेपर्यंत इथेच थांब," तो म्हणाला. "पिवळाही घेऊ नकोस आणि निळाही. थांब फक्त."

जेवणाच्या सुटीत तो टोपी न घेता बाहेर पडला. गावालगतच्या मोठ्या सरोवराकडून वारा येत होता, इतका गार की मे महिना आहे यावर विश्वास ठेवायला कॅलेंडर काढावं लागलं असतं. मिस टॅगर्ट दोन गल्ल्या सोडून राहायची. त्र्याऐंशी वर्षांची, निवृत्त होऊन अठरा वर्षं झालेली. तिच्यानंतर शाळेने निबंधक नेमलाच नाही. ते काम एमिलच्या टेबलावर आलं आणि तिथेच राहिलं. ती मागच्या अंगणात रुबार्बचे, त्या आंबट भाजीचे, देठ कापत होती. त्याला बघून तिने सुरी पुसली.

"ह्लावटी. तू शाळेच्या वेळेत बाहेर आहेस."

"जेवणाची सुटी आहे, मिस टॅगर्ट."

"मग जेवला नाहीस." त्याने कार्ड काढून दिलं. तिने चष्मा लावला नाही. कार्डाकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "हं. हे अजून उघडंच आहे."

"मला वाटलं होतं, तुम्ही माझ्यासाठी नियम मोडलात."

तिला खरोखर राग आला. गालावर दोन लाल ठिपके आले, ते त्याने पूर्वी कधी पाहिले नव्हते. "मी? कलम चौदा, पोटकलम तीन. अर्ध्या क्रेडिटपर्यंत कमी असेल तर निबंधकाला, किंवा त्याचं काम पाहणाऱ्याला, सशर्त बढती देता येते. अट शक्य तितक्या लवकर पूर्ण करावी. मी तेच केलं. तूच तुझं काम केलं नाहीस."

"पण मग मला डिप्लोमा कसा मिळाला?"

"पोहणं बारावीत बसायला लागायचं. शाळेतून बाहेर पडायला नाही. ठराव लिहिणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं." ती खाली बसली, देठ मांडीवर घेतले. "आणि ते कलम तू छापील नियमांतून काढून टाकलंस. अडुसष्ट साली. मी वाचलं ते पुस्तक."

"जागा नव्हती," एमिल म्हणाला. "स्टेन्सिलवर एकच पान उरलं होतं. कॅन्टीनचे नियम घालायचे होते. कापलं ते नीट वाचलंही नाही."

"काय घातलंस?"

"जेवण झाल्यावर ट्रे जागेवर ठेवावेत."

"ठेवतात?"

"नाही."

मिस टॅगर्टने एक देठ सोलला. एमिल उभाच होता. अडुसष्टपासून एकोणऐंशीपर्यंत अकरा मे महिने होतात. त्याने बेरीज करायची टाळली आणि ती आपोआप होत गेली. ज्यांना त्याने प्रेमाने, गोळी देऊन, पिवळा पास हातात ठेवून परत पाठवलं ते चेहरे त्याला रांगेने दिसू लागले, आणि रांगेच्या शेवटी वाफेमागून हलणारा एक हात. त्याने तिला आयरिसबद्दल सांगितलं. सगळं सांगितलं, मिगदालिया, जीन्स, प्रयोगशाळा, पिवळा दोरा. सांगताना त्याला जाणवलं की ही बाई जगातलं एकमेव माणूस आहे जिच्यासमोर आपण आपली चूक आकड्यात सांगू शकतो.

"त्या मोठीचं मी काही करू शकत नाही," ती म्हणाली. "ते तुझं तू बघ. पण कलम छापलं नाही म्हणून रद्द होत नाही. रद्द करायला बोर्डाचा ठराव लागतो, आणि ठराव कोणी केलेला नाही. मी दरवर्षी विचारत आलेय. धाकटी अजून दारात आहे ना?"

"आहे."

"पी.टी.च्या कलमात काय लिहिलंय? चाळीस तास व्यायाम. 'गणवेश' हा शब्द त्यात आहे का?"

त्याला आठवलं. नव्हता. "नाही."

"मग इथे माझं रुबार्ब काय बघत बसलायस?"

तो निघाला. फाटकाशी तिने हाक मारली. "ह्लावटी! त्या पोरीला तू विचारलंस, कपडे का नाही बदलले?"

"नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि सुरी पुन्हा उचलली. तेव्हा एमिलला आठवलं की सेहेचाळीस साली तिनेही त्याला विचारलं नव्हतं. सगळी शाळा त्याला एकोणपन्नास म्हणत होती, म्हणजे तिला माहीत असणारच. तिने फक्त कलम शोधलं होतं. तिने दया केली असती तर ती त्याला दिसली असती, आणि ती आयुष्यभर त्याच्या अंगावर राहिली असती, पाठीवरच्या अक्षरांसारखी. तिने त्याला नियमाच्या आत उभं राहायला जागा काढून दिली होती आणि स्वतः बाजूला झाली होती. वाऱ्यात डोळ्यांना पाणी येत होतं. ते वाऱ्यानेच, असं त्याने ठरवलं.

अडीच वाजता त्याने शाळेच्या जुन्या पद्धतीने, शाई हिरवी मिळाली नाही म्हणून निळ्या शाईने, मिगदालियाच्या कार्डावर लिहिलं: शारीरिक शिक्षण, अर्धे क्रेडिट, अपूर्ण. सशर्त बढती. ए. ह्. क्रॅंडल खांद्यावरून वाचत होता. "असं कलम आहे?"

"एकतीस सालापासून."

"मग मला कसं माहीत नाही?"

"मी कापलं होतं."

क्रॅंडलने कॉफीचा घोट घेतला. "आणि आता चिकटवलंस."

"ते निघालंच नव्हतं," एमिल म्हणाला. मिगदालियाने निळा पास दोन्ही हातांनी घेतला. "सशर्त आहे," त्याने तिला सांगितलं. "बाईंनी लिहिलेली शून्यं मला पुसता येत नाहीत. चाळीस तास. जूनमध्ये मैदानावर. जीन्स चालेल, मी बाईंशी बोललोय. म्हणजे आधी त्या माझ्याशी बोलल्या, बऱ्याच मोठ्याने, मग मी कलम वाचून दाखवलं." आणि मग, का ते त्याला कळलं नाही, त्याने खिशातलं स्वतःचं कार्ड काढून तिच्यासमोर धरलं. तिने वाचलं. एकदा कार्डाकडे, एकदा त्याच्या टकलाकडे पाहिलं.

"तुम्ही? पोहणं?"

"शक्य तितक्या लवकर पूर्ण करायचं होतं."

"अय्यो, मिस्टर ह्लावटी!" ती हसत सुटली आणि तशीच टेबलांमधून धावत गेली, इस्पितळाच्या उरलेल्या चौथ्या जागेसाठी, तीनला सात मिनिटं कमी असताना.

जून आला. एमिल दर शनिवारी सकाळी चड्डी टॉवेलमध्ये गुंडाळायचा, दुकानातली, पक्क्या रंगाची, आणि दर शनिवारी काहीतरी निघायचं. हिरवळ कापायची असायची. गटार तुंबायचं. एकदा तो पुलापर्यंत गेला आणि बोटी मोजून परत आला. लॉन्ड्रीत मात्र तो गेला होता. गिऱ्हाइकं जाईपर्यंत काउंटरपाशी थांबून, आयरिसला संध्याकाळच्या वर्गांचा अर्ज देऊन म्हणाला होता, "अर्धंच राहिलंय तुझं." ती म्हणाली होती, "बघते." ते 'बघते' काय आहे, हे त्याला अजून कळायचं होतं. जूनच्या शेवटच्या शुक्रवारी मिगदालिया कचेरीत आली, उन्हाने काळवंडलेली, आणि पी.टी.च्या बाईंची सही असलेली चिठ्ठी टेबलावर आपटली. एक्केचाळीस तास. "एक जास्त दिलाय, कोणी मोजायला चुकलं तर," ती म्हणाली. एमिलने कार्ड काढलं, 'अपूर्ण'वर रेघ मारली, तारीख घातली. मग शाई वाळायला कार्ड तिच्यासमोर सरकवलं. "माझं झालं," ती म्हणाली. "तुमचं?"

शनिवारी मिस टॅगर्ट वायएमसीएच्या बाकावर बसली होती, टोपी घालून, मांडीवर पर्स, पर्सवर कार्ड, हातात पेन. त्यानेच तिला बोलावलं होतं. साक्षीला निबंधक लागतो. तलावात सात-आठ वर्षांची पोरं होती, त्यांनी त्याला जागा दिली. नियम होता, या काठापासून त्या काठापर्यंत आणि परत, पाय न टेकता. एमिल उतरला. पाणी कमरेला लागलं तसं त्याने खाली पाहिलं. स्वच्छ होतं, तळाच्या फरश्या दिसत होत्या, एकेक. मग त्याने तोंड पाण्यात घातलं, आणि पन्नास वर्षांच्या माणसाला जसं जमेल तसं, हातपाय झोडत, नाकात पाणी घेत, छतावरून परत येणारा आवाज ऐकत निघाला. तो आवाज आता त्याच्याच हातांचा होता. पलीकडच्या काठाला हात लागला तेव्हा त्याला ओरडावंसं वाटलं. येताना मध्येच कुठेतरी दम संपला. पण तो आला. काठ धरून तो धापा टाकत वर बघत राहिला.

मिस टॅगर्टने पेन उचललं नव्हतं. "येताना मध्ये पाय टेकलास का, ह्लावटी?"

पोरांचा गलबला चालू होता. कोणीही पाहिलं नव्हतं. त्याने पाणी पुसलं.

"एकदा," तो म्हणाला.

तिने मान डोलावली, पेनाला टोपण लावलं आणि कार्ड पर्समध्ये ठेवलं. "मग पुढच्या शनिवारी," ती म्हणाली. आणि एमिल ह्लावटी, पाण्यात छातीपर्यंत उभा, अजून एक आठवडा अकरावीत राहायला मिळालं म्हणून, लहान मुलासारखा हसला.